स्प्लिटरचा कोन : मोबाईल काढा, मोजून बघा

डाळजवरून पुणे-सोलापूर हायवेला लागलं, की प्रश्न येतो : पुढचा स्प्लिटर खरंच काम करतो का? करतो, पण कोन बरोबर असेल तरच. गाडी सपाट जागेवर लावा. मोबाईल स्प्लिटरवर गाडीच्या दिशेनं ठेवून लेव्हल ॲप उघडा. पुढची कड आडवी किंवा अगदी किंचित खाली हवी. वर राहिली, तर हवा खाली शिरून नाक उचलते. स्टिअरिंग हलकं पडतं. फार खाली केली, तर ब्रेक मारताच कड रस्त्याला घासते. आणि वेग दुप्पट झाला, की हवेचा जोर चौपट होतो. म्हणून बोल्ट आधी पक्के आवळा. स्प्लिटर सुटला तर मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतेल. चला, भेटू पुढच्या भागात!