वापरकर्ता व गट खात्यांचा शोध
युनिक्स व तिच्या कुळातील लिनक्स यांसारख्या प्रचालन प्रणालींत एखाद्या नावाचे वापरकर्ता अथवा गट खाते आहे काय आणि असल्यास त्याचा क्रमांक, मूळ निर्देशिका इ. तपशील कोणते, हे आज्ञासंहितेने (आज्ञा क्रमवार लिहून ठेवलेल्या व आपोआप पार पाडल्या जाणाऱ्या फाइलीने) ठरवून घेण्याची क्रिया. नवे सॉफ्टवेअर बसविणे, फाइलींची मालकी बदलणे, जुनी खाती काढून टाकणे इ. कामांत हा शोध प्रथम घ्यावा लागतो. तो चुकल्यास एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती जाणे किंवा नष्ट होणे संभवते.

नाव व क्रमांक : प्रणालीचा गाभा नावे ओळखीत नाही, फाइल कोणाची आहे व ती कोणास वाचता येईल, हे तो क्रमांकावरून ठरवितो. शून्य हा क्रमांक ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा असतो. बहुतेक लिनक्स वितरणांत व्यक्तींच्या खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात व त्याखालील क्रमांक प्रणालीच्या सेवांसाठी राखून ठेवलेले असतात. खाते काढून टाकले, तरी मागे राहिलेल्या फाइलींवर जुना क्रमांक कायम असतो. तोच क्रमांक पुढे नव्या व्यक्तीस दिला गेल्यास त्या सर्व फाइली तिच्या मालकीच्या होतात.

नोंदींचे स्वरूप : ‘पासडब्ल्यूडी’ ही खात्यांची फाइल बेल प्रयोगशाळांत तयार झालेल्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून (१९७१) आढळते. तिच्या आजच्या रूपात प्रत्येक ओळीत अपूर्णविरामचिन्हाने विलग केलेली सात क्षेत्रे असतात : नाव, परवलीचा शब्द, वापरकर्ता क्रमांक, प्राथमिक गटाचा क्रमांक, वर्णन, मूळ निर्देशिका व प्रवेशानंतर चालू होणारी आज्ञावली. ही फाइल सर्वांस वाचता येते. म्हणून परवलीच्या शब्दांची गूढ रूपे ‘शॅडो’ या वेगळ्या, संरक्षित फाइलीत ठेवतात. ‘ग्रुप’ या फाइलीतील ओळीत नाव, परवलीचा शब्द, गट क्रमांक व सदस्यांची यादी अशी चार क्षेत्रे असतात. एखादा गट ज्यांचा प्राथमिक गट आहे, त्यांची नावे या यादीत असतीलच असे नाही. त्यामुळे केवळ या यादीवरून सदस्यत्व ठरविल्यास काही सदस्य वगळले जातात. व्यक्तीचे सर्व गट पाहण्यासाठी ‘आयडी’ ही आज्ञा वापरणे योग्य होय.

शोधाच्या रीती : ‘ग्रेप’ या आज्ञेने ‘पासडब्ल्यूडी’ फाइलीत थेट नाव हुडकणे ही सर्वांत जुनी रीत होय. तीत दोन दोष आहेत. ‘राम’ हे नाव हुडकताना ‘रामदास’ किंवा ‘सीताराम’ यांच्याही ओळी हाती लागतात. हा दोष ओळीचा आरंभ व क्षेत्राचा शेवट नेमून टाळता येतो. दुसरा दोष मूलगामी आहे : सर्व खाती या फाइलीत असतातच असे नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० नंतरच्या दशकात आणलेल्या एनआयएस या सेवेमुळे व पुढे एलडॅप या संकेतामुळे अनेक संगणकांची खाती एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवली जाऊ लागली. कोणत्या स्रोतास कोणत्या क्रमाने विचारावयाचे, हे ‘एनएसस्विच’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. ‘गेटेंट’ ही आज्ञा हा क्रम पाळून उत्तर देते; म्हणून ती असेल तेथे फाइल थेट वाचण्यापेक्षा तिचा अवलंब करणे इष्ट ठरते. शोधशब्द केवळ अंकांचा असल्यास ती तो खात्याचा क्रमांक समजते. यास्तव निव्वळ अंकांची नावे टाळावीत. नाव न देता संपूर्ण यादी मागितल्यास मध्यवर्ती खाती तीत येतीलच असे नाही, कारण भार टाळण्यासाठी अशी गणना पुष्कळदा बंद ठेवतात.

नकाराचा अर्थ : लिनक्सवरील ‘गेटेंट’ नाव न सापडल्यास २ ही निर्गमसंख्या परत करते. तथापि ‘खाते नाही’ आणि ‘मध्यवर्ती सेवेशी संपर्क झाला नाही’ या दोन भिन्न स्थितींत तिचे उत्तर एकच असू शकते. हा भेद न केल्यास जाळे खंडित असताना आज्ञासंहिता त्याच नावाचे दुसरे खाते वेगळ्या क्रमांकाने निर्माण करते व मूळ व्यक्तीस स्वतःच्या फाइली उघडता येईनाशा होतात. यावर उपाय म्हणून मध्यवर्ती नोंदीत निश्चितपणे असलेल्या एखाद्या खात्याचा शोध आधी घेतात. तोही निष्फळ ठरल्यास काम थांबवितात. मूळ निर्देशिकेचे क्षेत्र रिकामे आले असता, त्यापुढे मार्गाचा उरलेला भाग जोडून फाइली पुसण्याची आज्ञा दिल्यास ती संपूर्ण प्रणालीच्या मुळापासून लागू होऊ शकते. म्हणून पुसण्यापूर्वी ते क्षेत्र भरलेले असल्याची तपासणी अनिवार्य मानली जाते.

‘आयडी’ ही आज्ञा पॉझिक्स या मानकात समाविष्ट असल्याने ती युनिक्स कुळातील बहुतेक प्रणालींवर उपलब्ध असते. ॲपलच्या मॅकओएस प्रणालीत मात्र सामान्य वापरकर्त्यांची खाती ‘पासडब्ल्यूडी’ फाइलीत नसून ओपन डिरेक्टरी या सेवेत असतात व त्यांचा शोध ‘डीएससीएल’ या आज्ञेने घेता येतो.