शेणाने फोडलेलं गुपित

उन्हाळ्याच्या सुटीत बल्लारपूरला आली की आमच्या चिमीला भुताखेतांच्या गोष्टी लागतात. यंदा म्हणाली, "आबाजी, खराखुरा मसणवटा दाखवा."

म्हटलं, तो तर तुझ्या पायाखालीच आहे. इथल्या खाणीतला कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही जुनं जंगल. जिभेसारख्या पानांची झाडं दलदलीत पडली, गाळाखाली दबली आणि काळी झाली. पण झाडांच्या मसणवट्याने तिचं भागेना, तिला जनावरं हवी होती. मग जनावरांची जुनी हाडं सापडतात त्या पिसदुरा गावी जायचं ठरलं.

आपल्याकडचं ऊन ठाऊक आहेच, म्हणून तांबडं फुटायच्या आत निघालो. भद्रावती गेली, वरोरा गेलं आणि पिसदुऱ्याच्या वखरलेल्या शेतांत उतरलो. चिमी हिरमुसली. ना थडगी, ना दगडी पाट्या, नुसती लालसर ढेकळं.

"खाली बघ," मी म्हणालो. ढेकळांत एक पांढुरका तुकडा होता. तो मी जिभेला लावला तर चिकटला. साधा दगड सहसा असा चिकटत नाही. जुन्या हाडाला बारीक बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात. भूगर्भवाल्यांची ही जुनी खोडी आहे. तेवढ्यात चिमीने मुठीएवढा एक गोळा उचलला आणि तीही जीभ बाहेर काढू लागली.

"अगं, थांब! ते शेण आहे."

मग जी हसली, जी हसली! पण खरी गोष्ट त्या गोळ्यातच आहे.

साडेसहा कोटी वर्षांहूनही आधी इथे पाणथळ जागा होत्या. लांब मानेचे अजस्र डायनासोर इथे चरत होते. कासवं होती, मोठाले सापही होते. त्यांतल्या एका कासवाच्या आणि एका सापाच्या शास्त्रीय नावात पिसदुरा कायमचा जाऊन बसला आहे. सगळ्यांत आधी इथली हाडं गोळा केली ती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने. ज्याच्या नावाचं कॉलेज आहे, तोच. १८६३ साली टाकळघाटची दगडी वर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनं, पाहून रात्री परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडाला. मसणवट्यांचं वेड असलेला माणूस!

हाडांवरून जनावर केवढं होतं ते कळतं. ते जेवत काय होतं, हे शेणच सांगतं. चिखलात पटकन गाडलं गेलं म्हणून ते टिकलं, मुरलेल्या क्षारांनी दगड झालं.

"मागे मामाच्या बांधीत धानाच्या पात्याने तुझं बोट कापलं होतं, आठवतं?" मी विचारलं. तिने लगेच बोट पुढे केलं. गवत जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका ओढतं, वाळू जिची बनते तीच, आणि पात्यात तिचे काचेसारखे कण घडवतं. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पोटात पचत नाहीत, कुजतही नाहीत, म्हणून शेणात तसेच उरतात. शिवाय गवताच्या कणांची घडण वेगळी असते, त्यावरून कुळ ओळखता येतं.

पूर्वी शास्त्रज्ञ म्हणायचे, डायनासोरांच्या काळी गवत नव्हतंच. चित्रांतले डायनासोर नेच्यांत उभे असत. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचं हे शेण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. २००५ साली ते छापून आलं. पुढे २०११ मध्ये तर धानाच्या कुळातल्या गवताचेही कण सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीतल्या माणसाला याहून मोठी बातमी कोणती!

"म्हणजे डायनासोर भात खायचे?"

"भात नाही गं. धानाचं जुनं गणगोत, तेही तोंडी लावण्यापुरतं. मुख्य खाणं दुसऱ्याच झाडाझुडपांचं. आणि शेण नेमकं कोणाचं, यावर अजून वाद आहेत."

तुकडा, गोळा जिथले तिथे ठेवायला लावले. इथून पिशव्या भरून नेणारे पाहिले की माझं डोकं फिरतं.

गाडीकडे येताना वाटेत गाईने ताजा पो टाकलेला होता. एरवी नाक दाबून पळणारी चिमी त्याच्याशी उकिडवी बसली.

"आबाजी, हिने काय खाल्लं असेल?"