रोजची गोळीच डोकं दुखवते तेव्हा

पेपर तपासायचे दिवस आले की आमच्या स्टाफरूममध्ये दुपारी चारच्या सुमारास कुणाच्या तरी पर्समधून गोळ्यांची पट्टी निघतेच. तक्रार एकच : ‘डोक्याला घट्ट रुमाल बांधल्यासारखं वाटतंय.’ घोटीत भातगिरणीवर हिशेब लिहिणारे आणि दिवसभर शिलाई मशीनवर मान वाकवणाऱ्या आमच्या भगिनीही हेच सांगतात.

या एका वाक्यात अर्धं निदान आहे. ताणामुळे होणारी डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना आवळते, ठणकत नाही. जिना चढल्याने वाढत नाही, उलटी होत नाही. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत राहू शकते. अर्धशिशी, म्हणजे आपल्या घरातली ‘आधासीसी’, वेगळी. ती बहुतेकदा एका बाजूला ठणकते, मळमळते, उजेड नकोसा होतो. डॉक्टर हा फरक विचारपूस करून आणि तपासून ओळखतात. बाकी सगळं ठीक असेल तर सहसा स्कॅन लागत नाही.

अधूनमधून दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. घोळ पुढे होतो. साध्या गोळ्या महिन्यातून 15 दिवस, किंवा कॅफिन मिसळलेल्या 10 दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. आमच्या एका सहकारी मॅडमना हे पटेना. वहीत तारखा लिहायला लावल्या, तर महिन्यात 22 दिवस गोळी! डॉक्टरांनी ती बंद केली, पहिला आठवडा फार वाईट गेला, मग फरक पडला.

दुखणं महिन्यातले निम्मे दिवस असेल तर डॉक्टर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस देतात. ते डिप्रेशनचंही औषध आहे, म्हणून ‘मला वेड लागलंय का’ असं म्हणून बरेच जण चिठ्ठी फाडतात. वेडाचा इथे काही संबंध नाही. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. सोबत वेळेवर झोप आणि मानेचा व्यायाम हवाच.

रमजानच्या पहिल्या रोजांना दुखतं त्यात चहा तुटल्याचाही वाटा असतो. आधीच्या आठवड्यापासून कप कमी करत आणावेत.

पण दुखणं क्षणात विजेसारखं आलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर मेडिकलवर जाऊ नका, लगेच डॉक्टरांना गाठा.