रद्दीची पिशवी

वापरलेला सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात चालत नाही, सुक्यातही नाही. त्याच्या तळाला प्लास्टिकचा पदर, आत द्रव शोषून जेल होणारं पॉलिमर. खतात तो कुजत नाही आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही. हात लावावा लागतो तो कचरावेचक बाईला. काळ्या पिशवीत बाटली, पुठ्ठा, पत्रा निघेल या आशेने ती गाठ सोडते, कारण विकलं जाणारं भंगार ही तिची कमाई.

या कष्टकऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, पुण्यात १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने दारोदार कचरा गोळा करायला घेतला. पॅडच्या त्रासावर संस्थेने काढलेला उपाय अगदी साधा होता. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बायांनीच करायच्या आणि घराघरांत विकायच्या. नाव ‘एसटी डिस्पो’. ही एसटी म्हणजे लाल परी नव्हे, सॅनिटरी टॉवेल! ज्यांना पिशवी विकत घ्यायची नाही त्यांनी पॅड रद्दीत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा. ठिपका दिसला की गाठ सोडायची गरज उरत नाही.

मला या पिशवीत कल्पकतेपेक्षा नाइलाज जास्त दिसतो. वेष्टनाची सोय खरं तर पॅड बनवणाऱ्यांनी करायला हवी होती. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’ने वापरलेले पॅड थेट कंपन्यांकडे परत पाठवले, तो राग याचाच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली खरी. पण तोवर कष्टकरी बायांची रद्दी कामाला लागून बरीच वर्षं झाली होती.

दुसरा रस्ता कापडाचा. ‘गूंज’ ही अंशू गुप्ता यांची संस्था वापरलेल्या सुती कपड्यांपासून पॅड करते. पुण्यातली ‘समाजबंध’ जुन्या सुती कपड्यांचे धुऊन पुन्हा वापरता येणारे पॅड शिवते. सरकारी मोजणी मात्र कापडाकडे संशयाने बघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी निम्म्या कापड वापरतात असं आढळलं, पण ‘आरोग्यदायी साधनां’च्या यादीत कापड नाही. स्थानिक पातळीवर बनवलेले पॅड त्या यादीत आहेत, आणि ते वापरणाऱ्या जेमतेम १५ टक्के. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेलं कापड आणि कोंदट कोपऱ्यात लपवलेलं दमट कापड, दोन्ही एकाच रकान्यात. शिवाय ही मोजणी वापरणारीपाशी थांबते. कचरा उचलणारीचं आरोग्य तिच्या हिशेबात येत नाही.

तरी कापडाचं गुणगान शहरात बसून करणं सोपं आहे. त्याला आधी थंड पाणी लागतं, मग साबण, मग चारचौघांसमोरचं उघडं ऊन. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीत पहिल्या गोष्टीपासूनच अडतं. तिथल्या मुलीला वापरून टाकायचा पॅड बरा वाटला तर तिचं काय चुकलं? २०१८ मध्ये राज्य सरकारच्या अस्मिता योजनेने जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत देऊ केलं आणि गावोगावी ते विकायचं काम बचत गटांच्या बायांकडे दिलं. घंटागाडी न पोहोचणाऱ्या वाडीत त्यांनी विकलेला पॅड शेवटी परसात जळतो, नाहीतर ओढ्यात जातो.