भागाकाराच्या आधी: २,१४,७४,८३,६४७ ची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा एक प्रोग्रॅम तीन रात्री चालू होता. तो प्रत्येक शक्यता तपासत होता. गाइडनी एकच विचारलं, "उत्तर असलंच, तर ते कसं दिसेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हीही रिसर्चच्या तयारीत असाल, तर हा प्रश्न आत्ताच लिहून ठेवा. तो किती कामाचा आहे, हे एका मूळ संख्येवरून पाहू.

संख्या आहे २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. ही मूळ आहे का? सरळ रस्ता म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा मूळ संख्या सुमारे ४,८०० आहेत. हातानं करायचं तर कंबरडंच मोडेल.

१७७२ मध्ये ऑयलरने ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याने आधी विचार केला तो विभाजक कसा असावा लागेल याचा.

समजा, 'म' ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते.

पहिली अट: २^३१ ला म ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे याहून लहान घाताला बाकी १ येत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(म−१) ची बाकीही १ असते. म्हणून म−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा. म विषम आहे, म्हणजे म−१ सम. थोडक्यात, म ही ६२ च्या पटीपेक्षा १ ने मोठी.

दुसरी अट: २^३२ ची बाकी २ येते. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे! एखाद्या वर्गाची बाकी २ यायची असेल, तर विषम मूळ संख्येला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरावे लागतात.

दोन्ही अटी एकत्र करा: म ला २४८ ने भागलं की बाकी १ किंवा ६३. बस्स! ४,८०० पैकी जेमतेम ऐंशीच्या आसपास मूळ संख्या उरतात. त्यातली एकही भागत नाही, म्हणून आपली संख्या मूळ.

एक गफलत मात्र करू नका. या अटी फक्त उमेदवार गाळतात; उरलेल्यांना भागून बघावंच लागतं. २^११ − १ = २०४७ घ्या. इथे विभाजक २२ च्या पटीपेक्षा १ ने मोठा हवा. पहिलाच उमेदवार २३, आणि २३ × ८९ = २०४७. गेली!

२०२४ मध्ये सापडलेल्या २^१३,६२,७९,८४१ − १ या मूळ संख्येत ४ कोटींहून जास्त अंक आहेत. अशा शोधातही मोठ्या चाचणीआधी लहान विभाजक याच दोन अटींनी गाळून तपासले जातात. कॉम्प्युटर आले, तरी चाळणी तीच.

आता वही घ्या. २^२३ − १ साठी दोन्ही अटी मांडा आणि पहिला उमेदवार शोधा. भागून बघा; मजा येईल.