खर्ड्याची लढाई आणि त्यामागचे दरबारी राजकारण

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी पेशवे आणि निजाम यांच्या फौजांची गाठ पडली. लढाई एका दिवसाची, पण तिच्यामागचे भांडण पाऊणशे वर्षांचे होते. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा मराठ्यांना १७१९ मध्ये दिल्लीहून मिळाल्या. पुढे त्याच सुभ्यांवर निजामाचा अंमल बसला आणि वसुलीचा वाद कायमचा झाला. पालखेड, उदगीर, राक्षसभुवन अशा एकेका प्रसंगी निजामाने पडते घेतले. थकबाकी मात्र पुन्हा साचतच गेली.

या जुन्या भांडणात आता इंग्रजांची भर पडली होती. चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात रेसिडेंट होता. म्हैसूरच्या टिपूविरुद्ध १७९० मध्ये इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र आले. १७९२ मध्ये टिपू नमला आणि मैत्रीचे कारणही संपले. मराठ्यांनी आपल्यावर चाल केल्यास इंग्रजांनी पाठीशी राहावे, अशी हमी निजामअलीला हवी होती. पुणे दरबार असल्या कराराला तयार नव्हता. १७९३ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या सर जॉन शोअरने तर या भांडणात न पडण्याचेच ठरवले. निजामाच्या पदरी इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या, पण त्या मराठ्यांविरुद्ध वापरायला मनाई होती. तेव्हा निजामाची सारी भिस्त रेमंड या फ्रेंच सेनानीच्या कवायती पलटणींवर राहिली. युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध पेटलेले असताना हैदराबादेत फ्रेंचांचे वजन वाढणे इंग्रजांना सलत होतेच, तरीही शोअर जागचा हलला नाही.

हैदराबादेत पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे थकबाकीचा हिशेब मागत होते. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने हिशेब समजावून द्यायला पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांनीच जातीने दरबारात यावे, असे सुनावले. ते न आल्यास त्यांना कसे आणायचे ते आपण दाखवू, असेही तो म्हणाल्याचे इतिहासकार ग्रँट डफ नोंदवतो. दरबारात नानांची सोंगे काढली गेल्याच्या कथाही सांगितल्या जातात. त्या पूर्ण खऱ्या असोत वा नसोत, वाटाघाटी तुटायला एवढी भाषा पुरेशी होती. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये वारले, तेव्हा मराठ्यांत आता फूट पडेल असा हैदराबादचा होरा होता. तो चुकला. नानांनी दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन अशा सर्वांच्या फौजा एका झेंड्याखाली आणल्या. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते.

निजाम बीदरहून निघून मोहरीच्या घाटाने खाली उतरला. लढाईच्या सुरुवातीला निजामाकडील पठाणांच्या हल्ल्यात परशुरामभाऊ जखमी झाले आणि विठ्ठलराव पटवर्धन पडले. पण भोसल्यांचे बाण आणि शिंद्यांचा तोफखाना सुरू झाला, तशी निजामाची घोडदळे मोडली. रेमंडची पायदळे पाय रोवून उभी होती. त्यांनाही निजामाने मागे बोलावले. रात्री घोड्यांना पाणी पाजायला आलेली मराठ्यांची एक लहान टोळी रेमंडच्या पहाऱ्यावर आली. गोळीबार झाला आणि त्या आवाजाने साऱ्या छावणीत घबराट उडाली. निजाम खर्ड्याच्या गढीवजा किल्ल्यात शिरला. निंबाळकरांनी १७४५ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला भक्कम असला, तरी एवढ्या लवाजम्याला पुरणारा नव्हता. दोन दिवस तोफांचा मारा सोसून निजामाने तहाचे बोलणे लावले.

तहात दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख आणि थकबाकी व खर्च मिळून सुमारे तीन कोटी रुपये कबूल झाले. शिवाय मुशीरुल्मुल्क स्वतः ओलीस म्हणून मराठ्यांच्या हवाली झाला. दोन्ही बाजूंची फौज मिळून दोन लाखांवर असताना माणसे त्या मानाने फार थोडी पडली. ग्रँट डफच्या सांगण्यानुसार, फारसे न झुंजता मिळालेल्या जयाची बढाई पाहून वीस वर्षांचे पेशवे सवाई माधवराव खिन्न झाले होते.

खर्ड्याचा जय टिकला नाही, आणि तो रणात नव्हे तर पुण्याच्या दरबारात गेला. सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजी वारले. गादीच्या भांडणात नानांना निजामाच्या पाठिंब्याची गरज पडली आणि १७९६ मध्ये महाडास झालेल्या करारात खर्ड्याला मिळालेला मुलूख परत करण्याचे त्यांनी मान्य केले. ओलीस असलेला मुशीर सुटून हैदराबादला परतला आणि पुन्हा दिवाण झाला.

खर्ड्याचा धडा त्याने आपल्या परीने घेतला: संकटात फ्रेंच पलटणी पुरत नाहीत, इंग्रजांची लेखी हमीच हवी. तोवर शोअर जाऊन वेलस्ली आला होता. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने इंग्रजांची तैनाती फौज कायमची स्वीकारली. त्याच ऑक्टोबरात फ्रेंच पलटणी निःशस्त्र करून मोडण्यात आल्या. अखेरचा पेशवा दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत तशाच तहावर सही करून बसला.