लाखाचा हेडफोन आणि पन्नाशीचा कान

दोन हेडफोन समोर ठेवून संगीताचे शौकीन तासन् तास वाद घालू शकतात. अशा वादात हमखास येणारी एक जोडी म्हणजे जर्मन कंपनी सेनहायझरचा एचडी ८०० एस आणि कॅलिफोर्नियातील ऑडिझी कंपनीचा एलसीडी-एक्स. आपल्याकडे दोन्हींची किंमत लाखाच्या घरात जाते. एवढा खर्च परवडतो तो बहुधा चाळिशी-पन्नाशीत, आणि नेमके याच वयात कान बदलू लागलेले असतात. त्यामुळे ‘कोणता चांगला?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेडफोनमध्ये असते आणि अर्धे ऐकणाऱ्याच्या कानात. वादात मात्र पहिल्या अर्ध्याचीच चर्चा होते.

आधी यंत्रांविषयी. सेनहायझरचा मूळ एचडी ८०० बाजारात आला २००९ मध्ये. त्याचा कंप पावणारा पापुद्रा ५६ मिलिमीटरचा आणि मधोमध मोकळा, म्हणजे बांगडीसारखा. तो कानाला चिकटून नसतो. थोडा पुढच्या बाजूला, तिरपा बसवलेला असतो, त्यामुळे आवाज बाह्यकर्णाच्या वळणांवर आपटून आत शिरतो. समोर बसलेल्या गायकाचा आवाजही असाच येतो. म्हणून या हेडफोनमध्ये संगीत डोक्याच्या आत कोंडल्यासारखे न वाटता बाहेर पसरल्यासारखे वाटते. एलसीडी-एक्सची रचना वेगळी. त्यात अतिशय पातळ फिल्मवर विद्युतवाहक पट्ट्या असतात आणि ही फिल्म चुंबकांच्या सान्निध्यात सगळीकडून सारखी हलते. अशा फिल्मचा फायदा खर्जात दिसतो. अगदी २०-३० हर्ट्झपर्यंत आवाज खाली उतरत नाही. एचडी ८०० एसमध्ये तो ५०-६० हर्ट्झच्या खाली हळूहळू ओसरतो.

ख्याल ऐकणाऱ्याला या फरकाचा फारसा उपयोग नाही. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तारसुद्धा साधारण ७० हर्ट्झच्या आसपास असते. त्याच्या खालचे जग चित्रपटातील स्फोटांचे, इलेक्ट्रॉनिक संगीताचे आणि मोठ्या पाइप ऑर्गनचे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने लक्ष द्यावे ते वरच्या पट्ट्याकडे. एलसीडी-एक्समध्ये ३ ते ४ हजार हर्ट्झचा भाग काहीसा दबलेला आहे. त्यामुळे गायकाचा आवाज अर्धे पाऊल मागे सरकल्यासारखा आणि एकूण ध्वनी उबदार, काहींच्या मते मंद वाटतो. एचडी ८००मध्ये याउलट सुमारे ६ हजार हर्ट्झपाशी एक उंचवटा होता. तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटीचा टणत्कार, गाताना येणारे ‘स’ आणि ‘श’ हे सगळे त्यामुळे धारदार व्हायचे, कधी कधी टोचायचेही. २०१६च्या ‘एस’ आवृत्तीत बांगडीच्या मोकळ्या जागेत आवाज शोषणारी रचना बसवून तो उंचवटा कमी करण्यात आला. तरीही दोघांतला अधिक उजळ आवाज त्याचाच.

आता कानाकडे वळू. बाहेरच्या छिद्रापासून कानाच्या पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद असलेली ही नळी बासरीसारखी घुमते आणि अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज १० डेसिबलहून अधिक वाढवते. बोलण्यातली बरीच व्यंजने ज्या पट्ट्यात ओळखली जातात, त्याला निसर्गाने दिलेले हे वर्धन आहे. पण प्रत्येकाची नळी वेगळी, बाह्यकर्णाच्या घड्या वेगळ्या. साहजिकच एकच हेडफोन दोन माणसांच्या कानाच्या पडद्यापाशी वरच्या पट्ट्यात काही डेसिबलने वेगळा आवाज पोहोचवतो. चष्म्याची काडी उशीखाली आली तरी फट राहते आणि खर्ज गळतो. म्हणजे ‘मला यात खर्ज कमी वाटला’ हे विधान काही वेळा हेडफोनपेक्षा चष्म्याविषयी असते.

पडद्याच्या पलीकडे गोष्ट अधिक गंभीर होते. कॉक्लिया या शंखाकृती भागात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वयानुसार आधी जातात त्या सर्वांत उंच सूर टिपणाऱ्या पेशी. पन्नाशीतल्या अनेकांना १२ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. एचडी ८०० एसच्या माहितीपत्रकात मात्र ५१ हजार हर्ट्झपर्यंतचा आकडा छापलेला असतो. निरोगी तरुण कानाची मर्यादाच मुळी २० हजार आहे! आणि ऐकायच्या असतील उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, तर सात-आठ हजारांच्या वर तिथे संगीत जवळपास नाहीच. असते ती खरखर, आणि चांगला हेडफोन तीही इमानदारीने ऐकवतो.

गोंगाटाने होणारी इजा वेगळ्या जागी दिसते. कारखान्यात, ढोल-ताशा पथकात किंवा वर्षानुवर्षे मोठ्या आवाजातल्या इअरफोनमध्ये घालवलेल्या कानांच्या तपासणीत ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेकदा ४ हजारांपाशी, आलेखात खाच पडलेली असते. वर सांगितलेल्या दोन्ही हेडफोनचा स्वभाव ज्या पट्ट्यात ठरतो, तोच हा पट्टा. अशी खाच असलेल्या श्रोत्याला उजळ हेडफोन ‘स्वच्छ, सुस्पष्ट’ वाटू शकतो आणि निरोगी कानाला तोच ‘टोचरा’. गंमत एवढ्यावर थांबत नाही. केसपेशी कमी झालेल्या कानाला हलका आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. ‘मोठ्याने बोल’ आणि पाठोपाठ ‘ओरडतोस कशाला?’ असे म्हणणारे आजोबा घरोघरी आहेत. ते विक्षिप्त नसतात, त्यांची कॉक्लिया तशी वागते. असा श्रोता एकाच हेडफोनला सकाळी कमी आवाजात निस्तेज आणि संध्याकाळी मोठ्या आवाजात कर्कश ठरवू शकतो.

तुलना करताना सर्वांत मोठी फसगत होते ती आवाजाच्या पातळीची. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की आवाज मोठा झाला की खर्ज कानाला तुलनेने अधिक भरीव वाटतो. त्यामुळे दोन हेडफोनांपैकी जो जरासा मोठा वाजतो तो बहुधा जिंकतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला, तर तो ‘मोठा’ म्हणून जाणवतही नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. या जोडीत तर फरक प्रचंड आहे. एचडी ८०० एसचा विद्युत अवरोध ३०० ओहम, एलसीडी-एक्सचा २०. कंपन्यांनी दिलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्यांवरून हिशेब केला, तर ॲम्प्लिफायरचे बटण न हलवता पहिला काढून दुसरा लावल्यास आवाज १५ डेसिबलहून अधिक वाढतो.

हा हिशेब आरोग्याच्या भाषेत मांडला की कान टवकारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ऐकणे चालते. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८० वरून ९५वर गेल्यावर ४० तासांचे उरतात सव्वा तास, आणि तेही पूर्ण आठवड्यासाठी. १०० डेसिबलला साधारण वीस मिनिटे. शिवाय उत्तम हेडफोनचा एक गुणच इथे घातक ठरतो. स्वस्त यंत्र मोठ्या आवाजात फाटते, चरचरते आणि माणूस आपोआप बटण खाली आणतो. महागडा हेडफोन धोक्याच्या पातळीवरही सुरेलच राहतो. त्यात हे दोन्ही हेडफोन उघड्या पाठीचे, म्हणजे बाहेरचा आवाज न अडवणारे. पंखा, रस्ता आणि शेजारचा टीव्ही यांच्यावर मात करायला बटण वर सरकतेच. शांत खोली नसेल तर असा हेडफोन घेऊ नये, मग कानांची कितीही स्तुती ऐकलेली असो.

ऐकून झाल्यावर कानाला दडे बसणे किंवा बारीक शीळ ऐकू येणे म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. एचडी ८०० आला त्याच २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. गोंगाटानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली होती, केसपेशीही शाबूत होत्या, पण त्यांना मेंदूकडे जोडणारे मज्जातंतूंचे अनेक सांधे कायमचे नष्ट झाले होते. माणसात हे किती प्रमाणात घडते यावर अजून वाद आहे. तपासणीचा आलेख सरळ असूनही लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचे बोलणे कळत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे मात्र कमी नाहीत.

किंमत आणि आवाज यांचे नातेही तपासले गेले आहे. जेरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे ताडून पाहिली. त्यांचा ध्वनीचा समतोल आणि किंमत यांत संबंध आढळला नाही. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी तर वजन, स्पर्श आणि नाव यांचा प्रभाव टाळण्यासाठी एकाच हेडफोनमधून वेगवेगळ्या हेडफोनांचा समतोल नक्कल करून ऐकवला. बहुसंख्य श्रोत्यांची आवड बरीच सारखी निघाली. घरी एवढे जमणार नाही, कारण ३३० ग्रॅमचा सेनहायझर आणि ६०० ग्रॅमहून जड ऑडिझी डोळे मिटूनही ओळखता येतात. मानेचे मणके झिजलेल्याने तर या वजनालाच पहिला गुण द्यावा. श्रवणयंत्रे बनवणाऱ्या स्विस सोनोव्हा समूहाने २०२२ मध्ये सेनहायझरचा ग्राहकोपयोगी व्यवसाय विकत घेतला. आजचा हेडफोनचा ग्राहक हा उद्याचा श्रवणयंत्राचा ग्राहक, हे व्यापाराला आधी कळले म्हणायचे.

खरेदीपूर्वी कानातला मळ काढून घेणे आणि ऑडिओमेट्री करून घेणे यांना हेडफोनच्या तारेइतकेही पैसे लागत नाहीत. सरकारी रुग्णालयांत तर नाममात्र शुल्कात होते. घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणी मात्र प्रत्येकाला ठाऊक असावी. एका बाजूचा आवाज दबलेला वाटला तर हेडफोन उलटा घालावा, डावा उजवीकडे. दबलेपण हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेले, तर दुकानदाराला गाठावे. ते त्याच कानात राहिले, तर दोष कानाचा. तो एक-दोन दिवसांत अचानक आलेला असेल, सोबत शीळ किंवा दडा असेल, तर मळ किंवा सर्दी समजून आठवडाभर तेलाचे थेंब टाकत बसू नये. ही अचानक आलेली मज्जातंतूजन्य बधिरता असू शकते. तिच्यावरील स्टेरॉइड उपचारांचा उपयोग व्हायचा तो पहिल्या काही दिवसांत. दोन आठवडे उलटल्यावर संधी बरीच कमी होते. कान-नाक-घसा विभागातील डॉक्टर काहीशे रुपयांच्या नादकाट्याने दोन मिनिटांत प्राथमिक अंदाज घेऊ शकतात.